साडेचारची मिरज गाडी

"मग मी रोज त्यांच्याशी खोटं बोलू का, गुरुजी?"

गुंडोशास्त्री शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

नरसोबाच्या वाडीत, घाटापासून चार पावलांवर त्यांची एक खोली होती. वय शहाऐंशी. एके काळी सांगलीच्या पाठशाळेत त्यांनी न्यायशास्त्र शिकवलं होतं. आता शिकायला कोणी येत नसे. आलाच कोणी, तर शास्त्रीबुवा त्याला बसायला पाट देत आणि आपलं काम चालू ठेवत.

आज पाटावर पद्मल मगदूम बसली होती. सत्तावन्न वर्षांची, पांढऱ्या केसांची, पुण्याच्या कॉलेजात एकतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवून घरी परतलेली. कोणे एके काळी ती त्यांची सर्वांत हुशार शिष्या होती. कुरुंदवाडच्या जैन शेतकऱ्याची पोर, मिरजेला कॉलेजात शिकायची आणि आठवड्यातून तीनदा सांगलीला त्यांच्याकडे यायची. पाठशाळेतले लोक कुजबुजले, तेव्हा शास्त्रीबुवांनी तिचा पाट आणखी पुढं ओढला होता, इतकंच.

सगळी हकिगत तिने नीट क्रमाने सांगितली. क्रम सोडून बोलायची तिला सवय नव्हती.

तिचे वडील आदगोंडा, ज्यांना ती आप्पा म्हणे, ते आता एक्क्याऐंशी वर्षांचे होते. आई गेली, आणि आप्पांचं विसरणं वाढलं. आधी चष्मा, मग वाट, मग माणसं. पद्मलने नोकरी सोडली आणि कुरुंदवाडला येऊन राहिली. त्याला दोन वर्षं झाली. गेल्या वर्षापासून आप्पा तिलाही ओळखत नव्हते.

ते तिला 'बाई' म्हणत. कुणीतरी भली बाई घरात स्वयंपाकाला ठेवलीय, अशी त्यांची समजूत होती.

एवढंच असतं तर तिने सोसलं असतं. पण रोज दुपारी चार वाजले की आप्पा उठत. हात-पाय धूत, धुतलेली टोपी घालत, आणि एस.टी. स्टँडवर जायला निघत. मिरजेची साडेचारची गाडी यायची असे. त्या गाडीने त्यांची पोरगी यायची होती. एकोणीस वर्षांची, दोन वेण्या घातलेली. पद्मल तिचं नाव.

पहिल्या दिवशी पद्मलने त्यांना खरं सांगितलं. आप्पा, मीच पद्मल. ते घाबरले. दुसऱ्या दिवशी तिने पुरावे काढले. जुने फोटो दाखवले, गालावरचा तीळ दाखवला. शेवटी आधारकार्ड दाखवलं. आप्पांनी ते उन्हात धरून निरखून पाहिलं आणि म्हणाले, बाई, फोटो चांगला आलाय तुमचा.

हे सांगताना पद्मल हसली नाही. शास्त्रीबुवाही हसले नाहीत.

मग ती त्यांच्याबरोबर स्टँडवर जाऊ लागली. दोघं बाकड्यावर बसत. गाडी येई. आप्पा उठून दाराशी जात, उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड पाहत. गाडी रिकामी होई. ते परत येत आणि म्हणत, आज न्हाई आली. आणि जिची वाट पाहिली, तीच त्यांचा हात धरून त्यांना घरी आणी.

डॉक्टर म्हणाले, त्यांच्या कलाने घ्या, येईल उद्या म्हणा. शेजारची यास्मिनभाभी तेच म्हणाली. पण पद्मलच्या तोंडातून ते निघत नव्हतं. येईल कशी? ती तर इथेच बसलेली. खरं काय आणि खोटं काय, हे शिकवण्यात जिची हयात गेली, तिने रोज साडेचार वाजता बापाला फसवायचं?

परवा तिने दाराला कडी घातली. आप्पांनी आधी दार वाजवलं. मग दोन्ही हातांनी बडवलं. मग उंबऱ्याशी खाली बसून रडले. गाडी चुकंल, गाडी चुकंल म्हणत राहिले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

म्हणून आज त्यांना यास्मिनभाभीवर सोपवून ती वाडीला आली होती. बावीस वर्षांनी.

"एकतीस वर्षं मी हे शास्त्र शिकवलं," ती म्हणाली. "दोन वर्षं घरात आहे. एक दिवस ते माझ्या कामी आलं नाही, गुरुजी. एक तास नाही."

"ठेवलं कुठं होतंस?"

"कॉलेजात," ती म्हणाली. आणि आपल्याच उत्तराचा तिला राग आला.

शास्त्रीबुवांनी टरफलं एका बाजूला सारली. खाली घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं. दोन नद्या जिथे मिळतात तिथे पाण्याला एक गढूळ रेघ असते, ती खिडकीतून दिसत होती.

मग पद्मलने ते वाक्य उच्चारलं, जे तिने यास्मिनभाभीलाही कधी सांगितलं नव्हतं. आवाज तिने सपाट ठेवला होता.

"ते माझे आप्पा राहिलेले नाहीत. मी त्यांना आंघोळ घालते, भरवते. पण ते आप्पा नाहीत. आप्पा कधीच गेले. मी कुणा एका म्हाताऱ्याला सांभाळते आहे."

"ओळख कशाला म्हणतात?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

हा प्रश्न ते पाठशाळेत विचारायचे, अगदी त्याच सुरात. पद्मलच्या जिभेवर उत्तर आपोआप आलं. दर जूनमध्ये नव्या वर्गाला ती हेच सांगायची. पूर्वी काशीत पाहिलेला एक माणूस. आज तो आपल्या गावात दिसतो. वय वेगळं, कपडे वेगळे, तरी आपण म्हणतो, हा तोच देवदत्त. ती ओळख.

"काशी वेगळी, गाव वेगळं. मग 'तोच' कसा?"

"तेव्हाचं आणि आत्ताचं, दोन्ही सोडून द्यायचं. उरतो तो देवदत्त."

"बरोबर." शास्त्रीबुवांनी एक शेंग हातात घेतली, पण फोडली नाही. "तू काय सोडलंस?"

पद्मलला वाटलं होतं, विसरलेत ते आप्पा. ओळख त्यांची गेली आहे. हिशोब इतका सरळ होता की तिने तो पुन्हा कधी तपासलाच नव्हता.

"ते स्टँडवर कशासाठी थांबतात?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"माझ्यासाठी."

"ते कळलं. कशासाठी?"

"वाट बघतात, गुरुजी. बापाचा जीव आहे."

"विचारलंस?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"वर्षभर रोज शेजारी बसतेस. एकदा विचारलंस?"

एकतीस वर्षं पद्मलने मुलांना एकच गोष्ट कळकळीने सांगितली होती, की उत्तर माहीत आहे असं वाटेल तिथेच प्रश्न विचारा. आणि आप्पांना मात्र तिने फक्त उत्तरं दिली होती. फोटोची, तिळाची, आधारकार्डाची.

तेवढ्यात रस्त्यावर एस.टी.चा भोंगा वाजला. मिरजेची गाडी वाडीला आली होती. इथून पूल ओलांडला की कुरुंदवाड.

शास्त्रीबुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. उपरणं खांद्यावर टाकलं, कोपऱ्यातली काठी घेतली, पायात वहाणा सरकवल्या.

"चल. तुझी गाडी आली."

पद्मलला कळायला वेळ लागला. कळलं तशी ती ताठ झाली. असलं नाटक आपण करणार नाही, ती म्हणाली. सकाळी आले तसं रिक्षाने जाऊ. म्हाताऱ्या माणसाला भुलवायला गाडीतून उतरायचं, हे आणि खोटं बोलणं यात फरक काय?

शास्त्रीबुवा दारात थांबले.

"तू मिरजेच्या गाडीत बसणार. कुरुंदवाडला उतरणार. आदगोंडांची मुलगी आहेस. यात खोटं कुठलं ते दाखव, आपण रिक्षाने जाऊ."

ती शोधू लागली. गाडी सुटायच्या आत तिला ते सापडलं नाही.

गाडीत उभं राहायला जागा नव्हती. बाजार उरकून निघालेल्या बायका, पिशव्या, कॉलेजची पोरं. कुणीतरी शास्त्रीबुवांना जागा दिली. पद्मल दाराजवळ दांडा धरून उभी राहिली. गाडी पुलावर चढली तेव्हा खालून पाण्याचा वास आला. या पुलावरून ती कितीदा तरी आली होती. सुट्टीला, सणाला, आईच्या आजारपणात. पण रिकाम्या मनाने, घरी जायचं म्हणून, अशी शेवटची कधी आली, ते तिला आठवेना. पुढं पुढं ती येई तेव्हा तिच्याबरोबर तपासायचे पेपर असत, अर्धवट लिहिलेले लेख असत, परतीचं तिकीट असे. आप्पा रानातल्या विहिरीबद्दल बोलत आणि ती मान डोलवत असे.

गाडी स्टँडात वळली. दाराच्या काचेतून तिला ते दिसले.

बाकड्यापासून चार हात पुढं ते उभे होते. शर्टाची बटणं एक सोडून एक लागलेली, टोपी मात्र स्वच्छ. यास्मिनभाभी मागं उभी. आप्पांनी उन्हापासून डोळ्यांवर हात धरला होता आणि टाचा उंचावून ते गाडीत बघत होते, पहिल्यांदा एका खिडकीत, मग दुसऱ्या...

रोज शेजारी बसून तिला त्यांचा हात दिसे, कान दिसे, चिकट झालेली कॉलर दिसे. वाट पाहताना समोरून तिने त्यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं. त्या चेहऱ्यावर आजार कुठे नव्हता. होती ती नुसती वाट. ही वाट तिच्या ओळखीची होती. दिवाळीच्या सुट्टीला ती यायची तेव्हा इथेच, अशाच टाचा वर करून...

हे तेच, तिच्या मनात आलं. 'आप्पा' हा पुढचा शब्द उच्चारायला तिला शास्त्र लागलं नाही.

दार उघडलं. पोरं उड्या टाकून उतरली. मग बायका. मग ती.

आप्पा पुढं आले. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, अगदी नीट, डोळे बारीक करून. क्षणभर पद्मलला वाटलं...

मग त्यांची नजर तिच्या खांद्यावरून मागं गेली. दाराकडे. मागून शास्त्रीबुवा काठी टेकत उतरले आणि गाडी रिकामी झाली.

"बाई," आप्पा म्हणाले, "तुमी मिरजंवरनं आलासा न्हवं? गाडीत माझी पोरगी दिसली का?"

मीच, हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला. शास्त्रीबुवा दोन पावलांवर उभे होते, दुसरीकडेच बघत. पद्मलने तो शब्द गिळला. फसवायचं म्हणून नव्हे. तिला काहीतरी विचारायचं होतं.

ती त्यांना बाकड्याकडे घेऊन गेली. दोघं बसली.

"तिच्याकडं काय काम होतं, आप्पा?"

त्यांनी तिच्याकडे चमकून पाहिलं. एवढ्या दिवसांत हे कोणी विचारलंच नव्हतं, अशा नजरेने.

मग ते सांगू लागले. थांबत, एखादा शब्द हरवला की हाताने हवेत चाचपत. पोरगी पहिल्यांदा मिरजेला शिकायला निघाली, तेव्हा ते तिची ट्रंक घेऊन या इथंच आले होते. पोरगी लई शानी. पुस्तकं वाचायची. गाडीत बसली, खिडकीतनं वाकली, आणि तिने एक प्रश्न विचारला. आप्पा, तुम्ही जन्मभर एवढं राबता, ते कशासाठी? माणसानं जगायचं कशासाठी, याचा कधी इचार केलाय का?

पद्मलला ते आठवत नव्हतं. पण असं बोलणारी मुलगी तिला चांगली ठाऊक होती. तीन पुस्तकं वाचलेली, आणि चौथी शिकलेल्या बापाला गाडी सुटता सुटता असं काही विचारून खिडकीत ऐटीत बसणारी. उत्तराची तिला अपेक्षाच नव्हती.

"मी म्हटलं, सांगतो," आप्पा म्हणाले. "तवर गाडी हलली."

"मग... मग ती सुट्टीला यायची ना घरी? तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तवा मला येत न्हवतं, बाई."

ते अगदी साधेपणाने बोलले.

नांगरताना, पाणी पाजताना, ऊस तुटून गेलेल्या रिकाम्या रानात उभं राहून, ते पोरीच्या प्रश्नाचा विचार करत आले होते. एकदा उत्तर आल्यासारखं वाटलं, पण ते खरं नव्हतं. बायको गेली तेव्हा वाटलं, आता काही येत नाही. प्रश्न मात्र त्यांनी कधी टाकला नाही. लेकीनं विचारलेला प्रश्न, टाकायचा कसा?

"आणि आता?" पद्मलने विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"आता आलंय." आप्पांचा चेहरा उजळला. मग ते वाकले आणि कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाले, "पर अलीकडं इसरतंय मला. त्याच्या आदी तिला सांगायला पायजे. म्हणून रोज येतोय."

स्टँडवर कुणीतरी गाडीची पाटी बदलत होतं. कुरुंदवाड काढून मिरज लावत होतं, परतीची.

"मला सांगा ना, आप्पा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत माया होती, अदब होती, आणि अडचण होती. एका भल्या बाईला नाही म्हणायची अडचण.

"तुमास्नी कसं सांगू, बाई?" ते म्हणाले. "तिनं इचारलंय."

पद्मल रडू लागली. आवाज न करता, तोंडाला पदर लावून. आप्पा गोंधळले. त्यांनी हात पुढं केला, मागं घेतला, आणि शेवटी तिच्या डोक्यावर ठेवला. परक्या बाईच्या डोक्यावर ठेवावा तसा, हलकेच.

"तुमी बी कुणाची तरी लेकच असशीला," ते म्हणाले. "जावा आता. घरात वाट बघत असतील."

ते उठले. आज न्हाई आली, असं यास्मिनभाभीला सांगून तिच्याबरोबर निघाले. दहा पावलांवर जाऊन ते एकदा थांबले, रिकाम्या गाडीकडे वळून पाहिलं, आणि मग चालू लागले.

पद्मल बाकड्यावरच राहिली. तिने एकतीस वर्षांत किती प्रश्न विचारले असतील. वर्गात, परिसंवादात, भर सभेत, समोरच्याला निरुत्तर करण्यासाठी. निरुत्तर झालेली माणसं मग घरी जाऊन काय करतात, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. एका माणसाने तिचा एक प्रश्न अडतीस वर्षं रानात वागवला होता. आणि त्याचं उत्तर आता तिच्या घरात होतं, पलीकडच्या खोलीत झोपत होतं, तिच्या हातचं जेवत होतं, आणि त्या दोन वेण्यांच्या पोरीखेरीज जगात कुणालाही मिळणार नव्हतं. पद्मललाही नाही.

शास्त्रीबुवा येऊन शेजारी टेकले. काठी त्यांनी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरली.

"ते विसरतील, गुरुजी. आज नाही तर उद्या. आणि मला ओळखायचेच नाहीत."

रस्त्याच्या टोकाला ती पांढरी टोपी अजून दिसत होती. ती वळणाआड जाईपर्यंत शास्त्रीबुवा तिकडे पाहत राहिले.

"उद्या गाडीत खिडकीशी बस," ते म्हणाले. "ते गाडी लांबूनच बघायला लागतात."